चपलेत नसलेला खडा

मागच्या अंकात टाचदुखीवर लिहिलं आणि टपाल सगळं चवड्याचं आलं. टाचेचं झालं, आता पुढच्या भागाचं सांगा, असा एकूण सूर. त्यातली तीन पत्रं घेतो. पहिल्याला जागा जास्त देतोय, कारण उरलेल्या निम्म्या पत्रांची उत्तरं त्यातच येऊन जातात.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. मी यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ५४. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, उजव्या पायाचा चवडा दुखतो. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये आग होते, कधी त्या दोन बोटांत मुंग्या येतात. वर्गातच चप्पल काढून पाय दाबावा लागतो, मग पाच-दहा मिनिटं बरं वाटतं. घरी फरशीवर अनवाणी चालताना मात्र दुखणं वेगळं असतं. तेव्हा दुसऱ्या बोटाखाली खडा असल्यासारखं खुपतं. परवा शेतात भरीत होतं. वांगी भाजायला चवड्यावर बसले आणि उठताना अशी कळ आली की दोन मिनिटं बांधावर टेकले. एक्स-रे नॉर्मल आहे. रक्तात युरिक ॲसिड ६.४ निघालं म्हणून गोळी सुरू झाली, दोन महिने घेते आहे, फरक नाही. दुसरीकडे म्हणाले, नस दबली आहे, ऑपरेशन लागेल. भाच्याच्या लग्नात लेकीने घेऊन दिलेली निमुळती बेली घातली होती, तिथूनच हे लागलं असं मला वाटतं. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचा नवस आहे, आणि तो अनवाणी बोलले आहे. पाय साथ देईल का?

उत्तर : ताई, पत्र फार नीट लिहिलंत. 'पाय दुखतो' एवढंच लिहिणारे शंभर, आणि कोणत्या बोटाखाली, कधी, काय केल्यावर थांबतं हे लिहिणारा एखादा. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटला मी पहिली विनंती हीच करतो : एका बोटाने दाखवा. अख्खा पंजा चोळून दाखवायचा नाही, एक बोट ठेवायचं. ते बोट कुठे टेकतं त्यावर निम्मं निदान होतं.

तुमचं बोट दोन ठिकाणी टेकतंय, म्हणून तुम्हाला दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या.

आधी पायाची रचना. एका पावलात २६ हाडं. त्यातली पाच लांब हाडं पावलाच्या मधून पुढे येतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात. त्यांची पुढची गोल टोकं जिथे जमिनीला टेकतात तो आपला चवडा. चालताना आधी टाच टेकते, मग भार पुढे सरकतो, टाच उचलली जाते, आणि पाऊल उचलण्याच्या त्या क्षणी अख्खं शरीर एका पायाच्या चवड्यावर असतं. दर पावलाला. हाडांच्या टोकांखाली निसर्गाने चरबीची गादी दिली आहे. पन्नाशीनंतर ती पातळ होते किंवा बोटांकडे सरकते. अंगठा दुसऱ्या बोटाकडे कलला असेल, ज्याला आपल्याकडे 'अंगठ्याचं हाड वाढलं' म्हणतात, तर तो आपला वाटा उचलत नाही आणि भार शेजारच्या दुसऱ्या हाडावर येतो. (तिथे हाड वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं, पण हे सांगून मी दमलो.) फरशीवर दुसऱ्या बोटाखाली खुपतं ते या भाराचं दुखणं. त्या जागी घट्टा आहे का, आणि दुसरं बोट आधीपेक्षा वर उचलल्यासारखं किंवा अंगठ्याकडे झुकल्यासारखं दिसतं का, हे दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहा. झुकत असेल तर त्या सांध्याखालची जाड पट्टी फाटत चालल्याची शंका घ्यावी लागते आणि तुम्ही दाखवायला यायला हवं.

आग, मुंग्या आणि चप्पल काढल्यावर मिळणारा आराम हे दुसरं प्रकरण. ते नसेचं. या लांब हाडांच्या मधल्या फटींतून बोटांकडे नसा जातात. तिसऱ्या-चौथ्या हाडामधली नस बहुतेक वेळा त्रास देते, कारण तिथल्या अरुंद जागेत ती हाडांना जोडणाऱ्या पट्टीखाली चेपते. निमुळत्या चपलेने हाडं एकमेकांकडे ढकलली की नस आणखी चिमटते, आणि चिमटून चिमटून तिचं आवरण जाड होतं. फिलाडेल्फियाच्या मॉर्टन नावाच्या सर्जनने १८७६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं. त्याने दोष सांध्याला दिला होता, नसेचं पुढे कळलं, तरी नाव त्याचंच राहिलं : मॉर्टन न्यूरोमा. नाव ऐकून घाबरू नका, ही कॅन्सरची गाठ नव्हे. तपासताना आम्ही चवडा दोन्ही बाजूंनी दाबतो आणि त्या फटीत खालून हाताचा अंगठा रुतवतो. कधी 'कट्' असं बोटाला जाणवतं आणि पेशंट म्हणतो, 'हां, हेच!' अमळनेरच्या बाजूच्या एक आजी मला म्हणाल्या होत्या, 'चप्पलमा खडा शे, पन दिखत नही.' न्यूरोमाचं याहून चांगलं वर्णन मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

आता युरिक ॲसिड. याबद्दल मला थोडा राग आहे, तो आधीच सांगून टाकतो. पाय दुखला की रक्त, रक्तात आकडा जरा वर दिसला की गोळी, हे आपल्याकडे फार बोकाळलंय. युरिक ॲसिडचे खडे साधारण ६.८ च्या वर जमायला लागतात. तुमचं ६.४ आहे. आणि त्या खड्यांमुळे येणाऱ्या वाताचा झटका आला असता तर तुम्ही पत्र असं लिहिलंच नसतं. मध्यरात्री अंगठ्याचं मूळ लालबुंद सुजतं, गरम होतं, अंगावरची चादर लागली तरी माणूस ओरडतो, आणि आठ-दहा दिवसांत ओसरतं. सात महिने चप्पल काढली की थांबणारं दुखणं ते नव्हे. गोळी बंद करा असं मी पत्रातून सांगणार नाही. ज्यांनी दिली त्यांच्याकडे रिपोर्ट घेऊन जा आणि ही गोळी कशासाठी, किती दिवस, हे सरळ विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

उपाय चपलेपासून सुरू होतो. संध्याकाळी, पाय दिवसभराने फुगलेले असताना, वहीच्या कागदावर उभ्या राहा. बसून नाही, उभ्याने, पूर्ण भार देऊन. लेकीला पेन्सिलने पावलाभोवती रेघ मारू द्या. आता ती बेली त्या रेघेवर ठेवा. रेघ दोन्ही बाजूंनी बाहेर दिसेल, मी न बघता सांगतो. नवी चप्पल घ्यायची ती अख्खी रेघ झाकणारी, पुढून रुंद, मागे पट्टा असलेली. तळ जाड हवा आणि तो बोटांच्या मुळाशी वाकायला हवा, मधोमध नाही. दुकानात दोन्ही हातांनी वाकवून पाहायची, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या. टाच वाढली की भार चवड्यावर ओतला जातो, म्हणून उंच टाच नको. अंगठ्याने दाबली की खोल रुतणारी मऊ चप्पल दुकानात छान वाटते, महिन्याभरात बसते आणि पाय पुन्हा जमिनीवर येतो.

घरातही चप्पल. आपल्याकडे हे पटत नाही, माझ्या घरीही पटत नव्हतं. एक जोड फक्त घरात वापरायचा, अंगणातही न्यायचा नाही, देवघराच्या उंबऱ्याबाहेर काढायचा. ओट्यापुढे जुनी सतरंजी चौघडी करून टाका. भाकरी थापताना उभं राहायचं ते तिच्यावर.

जोडव्यांबद्दल लिहितो तेव्हा दरवेळी दोन रागाची पत्रं येतात. सौभाग्यलेणं काढा असं मी म्हणत नाही. पण लग्नात घातलेली जोडवी पन्नाशीच्या सुजऱ्या बोटात रुतलेली असतात, आणि जाड जोडवं निमुळत्या चपलेत शेजारच्या बोटाला रेटतं. सोनाराकडून सैल करून घ्या, किंवा रोजच्याला पातळ तार आणि सणाला जाड असं ठेवा. रात्री काढून झोपलात तर बोटं दुवा देतील.

आता पॅड, आणि इथे माझी फजिती सांगतो. चाळिशीत मलाही हेच झालं होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये तासन्‌तास पातळ सपातांवर उभं राहून. मी हाडांचा डॉक्टर, मला कोण शिकवणार? मेटाटार्सल पॅड आणलं, म्हणजे बदामाच्या आकाराची, पण चांगली मोठी फेल्टची उशी, आणि जिथे दुखतं बरोबर तिथेच चिकटवलं. महिनाभर दुखणं वाढत गेलं. उशी दुखऱ्या जागेखाली ठेवली की दुखऱ्या जागेवरचा दाब वाढतो, एवढं साधं होतं ते. उशी हवी दुखऱ्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला, म्हणजे ती हाडांना मागून उचलते, टोकांवरचा भार कमी होतो, हाडं जरा फाकतात आणि नसेला श्वास मिळतो.

जागा कशी शोधायची? दुखऱ्या बिंदूवर ओलं कुंकू लावा. चपलेच्या आत कागदाचा तुकडा बसवून पाऊल ठेवा आणि दोन पावलं चाला. कागदावर लाल ठिपका उमटेल. कागद न हलवता, उशीची पुढची कड त्या ठिपक्याच्या किंचित मागे, करंगळीच्या अर्ध्या रुंदीइतकी टाचेकडे येईल अशी खूण करा आणि मग चपलेत उशी चिकटवा. पहिल्या दिवशी 'खाली काहीतरी आहे' असं वाटेल, ते दोन-तीन दिवसांत विसरतं. टोचतच राहिलं तर आणखी थोडी मागे. पॅड मेडिकलमध्ये मिळतं. नाहीच मिळालं तर चप्पल शिवणाऱ्या दादांना कागद दाखवा. माझ्या दवाखान्यासमोर बसतात त्यांना आता माझ्या चिठ्ठीचीही गरज पडत नाही.

पोटरी आखडलेली असली की टाच लवकर उचलली जाते आणि चवड्यावर भार जास्त वेळ राहतो. म्हणून भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर दाबून ३० सेकंद. तीनदा, सकाळ-संध्याकाळ. दुखरं झालं की कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं. चवड्यावर बसणं सध्या बंद. वांगी कुणीतरी दुसरं भाजेल, तुम्ही पाटावर बसून मिरच्या-लसूण ठेचा. माझी आई खापरावर मांडे करायची तेव्हा चार-चार तास चवड्यावर असायची आणि संध्याकाळी पाय धरून बसायची. आम्ही समजायचो, दमली असेल.

एवढं नीट पाळून तीन महिने द्या. बऱ्याच जणांचं यातच भागतं. नाही भागलं तर सोनोग्राफी करून नस जाड झाली आहे का ते पाहतात आणि तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन देता येतं. एखाद-दुसरं ठीक, पुन्हा पुन्हा नको, कारण त्याने चवड्याची गादीच विरघळते आणि सांध्याची पट्टी कमजोर होते. ऑपरेशन त्यानंतर. त्यात ती नस काढून टाकतात आणि त्या दोन बोटांमध्ये कायमचा बधिरपणा राहतो. हे आधी कुणी सांगितलं नसेल तर सही करू नका.

राहिला नवस. चैत्राला अजून चार महिने आहेत. मी आग्रा रोडवर यात्रेकरूंच्या सेवेच्या मांडवात दरवर्षी दोन दिवस बसतो, धुळ्याच्या अलीकडे. फोड, काळी पडलेली नखं, सुजलेले चवडे घेऊन माणसं येतात, चहा पितात, 'बोल अंबे की जय' म्हणत पुढे निघतात. त्यांची श्रद्धा मी बघितली आहे आणि दुपारी बाराला त्या डांबराला हात लावूनही बघितलाय. देवीला काय चालतं हे सांगायचा माझा अधिकार नाही, चवड्याला काय चालतं ते सांगतो : डांबरावर अनवाणी नाही. गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपर्यंत रुळलेल्या बुटांत या आणि गडाच्या पहिल्या पायरीला बूट काढा. बूट फेब्रुवारीतच घ्या, नवे बूट यात्रेत घालणारा दुसऱ्या मुक्कामाला मांडवात माझ्यासमोर बसलेला असतो. आजपासून २० मिनिटं सपाट रस्त्यावर, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. आग सुरू झाली की त्या आठवड्यात वाढवायचं नाही. माघ संपेपर्यंत सलग दीड तास जमलं तर निघा. नाही जमलं तर या वर्षी बसने जा आणि पायी पुढच्या वर्षी.

प्रश्न : सर, मी पारोळ्याचा, वय २१, पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटरचा टाइम बसत नव्हता म्हणून तीन आठवड्यांत रोजचं दोन किलोमीटरवरून आठवर नेलं, रस्त्यावरच पळतो. आता डाव्या पावलावर वरून सूज आहे, तिसऱ्या बोटाच्या मागे दाबलं की जीव जातो. एक्स-रेत काही नाही. पेनकिलर घेऊन पळू का?

उत्तर : नाही. एक दिवसही नाही.

हे हाडाला तडा जाण्याचं लक्षण आहे. १८५५ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरने लांब कूच करून आलेल्या शिपायांचे असे सुजलेले पाय नोंदवले होते. तेव्हा एक्स-रेच नव्हते, त्यामुळे हाड तडकलंय हे कुणाला कळलं नाही. ते १८९७ मध्ये दिसलं. त्यावरून याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. मार्च महिन्याशी संबंध नाही, कूच करण्याशी आहे. तुझ्या एक्स-रेत दिसलं नाही कारण पहिले दोन-तीन आठवडे ही बारीक चीर दिसत नाही. भरून यायला लागल्यावर तिच्याभोवती नवं हाड दिसतं. तीन आठवड्यांनी पुन्हा काढ, घाई असेल तर एमआरआय.

तोवर कडक तळाचा बूट आणि पळणं बंद, सहा ते आठ आठवडे. गोळाफेकही नको, फेकताना जोर चवड्यावरच येतो. जोर-बैठकांतले जोरही बोटांवरच, म्हणून तेही थांबव. बसून वजनं उचल, पोट-पाठ मजबूत कर. हाड दाबल्यावर दुखायचं थांबलं की मैदानावरच्या मातीत सुरुवात, तीही एक दिवसाआड. पेनकिलरने तडा भरत नाही, फक्त कळत नाही, आणि अर्धी चीर पूर्ण तुटली की भरती दोन वर्षं लांबते. व्हिटॅमिन डी तपासून घे. खान्देशात एवढं ऊन असून ते कमी निघतं, कारण आपण उन्हापासून पळतो, आणि ते बरोबरच करतो.

प्रश्न : साहेब, वय ६१, रावेर तालुका, केळीची बाग आहे. साखर १४ वर्षांपासून. डाव्या अंगठ्याच्या मुळाखाली चवड्यावर घट्टा आहे, मी ब्लेडने तासतो. आता त्याच्या आत काळं दिसतंय. दुखत अजिबात नाही. शेजारी म्हणतात बिब्ब्याचा चटका द्या किंवा कुरूप काढायची पट्टी लावा. काय करू?

उत्तर : या पत्राचं उत्तर मी इथे देऊन थांबलो नाही. त्यांनी फोन नंबर लिहिला होता, अंक छापून हातात पडेपर्यंत महिना गेला असता, म्हणून त्याच संध्याकाळी फोन केला. पुढचं त्यांच्या परवानगीने लिहितोय.

'पण दुखत नाही ना साहेब,' ते फोनवर तीनदा म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच उद्या या. साखरेने पायाच्या नसा सुन्न होतात. घट्ट्याखालचं काळं म्हणजे आत साकळलेलं रक्त, म्हणजे कातडी आतून फाटलेली. बिब्बा निरोगी कातडी भाजून काढतो. कुरुपाच्या पट्टीत सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते घट्टा आणि कातडी यांत फरक करत नाही. साखरेच्या पेशंटने या दोन्ही गोष्टी आणि घरचं ब्लेड पायाजवळ आणायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या मोटारसायकलवर आले. डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा धागा, जो बरोबर दहा ग्रॅम दाबाला वाकतो, तो दोन्ही पायांवर ठिकठिकाणी टेकवला. 'लागलं की हो म्हणा.' पोटरीजवळ हो म्हणाले. चवड्यावर एकदाही नाही. घट्टा तासला, खाली ज्वारीच्या दाण्याएवढी जखम होती, सुदैवाने हाडापर्यंत गेलेली नव्हती. साफ केली, पट्टी केली, त्या जागेवरचा भार काढणारं सँडल दिलं, दर चार दिवसांनी यायचं ठरलं.

निघताना मी म्हटलं, बागेत काय घालता ते दाखवा. मुलाने डिकीतून गमबूट काढले. सवयीने मी डावा उलटा करून झटकला तर टेबलावर हरभऱ्याएवढा खडा पडला. कडा घासून गुळगुळीत झाला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. कधीपासून होता, त्यांना सांगता आलं नाही.